नळीची दोन टोकं

४ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर उड्या मारतेस आणि मूळ मुद्दा वाऱ्यावर जातो. शिवाय आमच्या घरात भिंतींना कान नसले तरी बाबांना आहेत, आणि मुद्दा त्यांच्याचबद्दल आहे.

तर ऐक. महिन्यापूर्वी बाबांनी दुकानावरची जुनी पाटी उतरवली. तिच्यावर एकट्या त्यांचं नाव होतं. पेंटरला बोलावलं, चहा पाजला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता दोघांची नावं टाकायची. ही माझी इक्वल पार्टनर." इंग्रजीत म्हणाले, बरं का. आपल्याकडे गंभीर गोष्ट इंग्रजीत सांगितली की जास्त पक्की होते म्हणे. कॉलेज सोडल्यापासून मी त्यांच्या हाताखाली फरश्या बसवतेय, गुडघ्यांना घट्टे पडलेत. त्या दिवशी मला आकाश ठेंगणं झालं होतं.

आणि तेव्हापासून काय? पाटीला पांढरा रंग दिलाय आणि ती दाराआड उभी आहे, कोरीच्या कोरी. पेंटर येऊन विचारतो, बाबा म्हणतात, "बघू, पुढच्या आठवड्यात." बरं, पाटीचं राहू दे. पूर्वी मी बसवलेल्या फरशीच्या जोडावरून ते नुसतं बोट फिरवायचे आणि "ठीक" म्हणून पुढे जायचे. आता खाली वाकून, डोळे फाडफाडून एकेक जोड न्याहाळत बसतात. मी काय चोरी केलीय? इक्वल म्हणायचं आणि पोलिसासारखं मागे लागायचं!

आता खरी गोष्ट. हॉस्पिटलं बांधणारी एक बिल्डरबाई आहे, दुसऱ्या गावची. तिने मला बोलावलंय. तिच्या सगळ्या इमारतींचं फरशीकाम माझ्या देखरेखीखाली, राहायला खोली, हाताखाली माणसं. मार्चअखेर उत्तर हवंय. मला जायचं नाहीये, हे फक्त तुला सांगते. मला बाबांबरोबरच काम करायचंय. पण कोऱ्या पाटीकडे बघत किती दिवस काढू?

तू शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांच्या कुळकथांचा कोश लिहितेयस ना? मग 'इक्वल'ची कुंडली मांड आणि मला पाठव. बाबांच्या कपाळावर चिकटवते.

तुझी,
भिंगरी

ता. क. यातलं एक अक्षरही बाबांना कळवायचं नाही. शप्पथ.

•

१२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र घेऊन पोस्टमन आला आणि म्हणाला, "जाडजूड आहे, परदेशातून आलंय का?" म्हटलं, "नाही हो, रागातून आलंय."

'इक्वल'पाशी मी गेले दोन आठवडे अडकलेच आहे. संपादकांना दोन ओळी हव्यात आणि मला दोन पानांत मावत नाहीये. तुला सांगते, तू तरी पूर्ण वाचशील.

तुला वाटत असेल, हा शब्द तराजूतून आला असेल. दोन पारडी, इकडे एक किलो, तिकडे एक किलो. मलाही तसंच वाटायचं. पण नाही. त्याचं लॅटिन मूळ आहे एक्वस, आणि त्याचा अर्थ सपाट. चढ नाही, उतार नाही, अशी जमीन. शांत समुद्राच्या पाठीलाही ते लोक त्याच मुळातला शब्द वापरायचे. मग सपाटचा झाला सारखा, सारख्याचा झाला न्यायाचा. विषुववृत्ताला इंग्रजीत जे नाव आहे तेही यातलंच, दिवस आणि रात्र सारखी करणारी रेघ. आणि गंमत बघ, अन्यायाला, पापाला त्यांच्याकडे जो एक जुना शब्द आहे, त्याच्याही पोटात हाच एक्वस नकार लावून बसलाय. म्हणजे पाप म्हणजे काय, तर उंचसखलपणा. एक्वसच्या मागे कोण होतं ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. तिथे पंडितांचा रस्ता संपतो आणि ते खाकरायला लागतात.

आपला 'बरोबर' पण काही कमी नाही. तो फारसीतून आला, मुळात छातीला छाती भिडवून उभे राहिलेले दोघे. पण तो दुसऱ्या कोशात, माझं आयुष्य पुरलं तर.

आता तुझ्या बापाबद्दल. त्याला मी तो रांगत होता तेव्हापासून ओळखते. खाऊची वाटणी करताना आमच्या आईचा नियम होता, एकाने कापायचं आणि दुसऱ्याने निवडायचं. मोठा तुकडा मला जाऊ नये म्हणून हा पठ्ठ्या पट्टी लावून कापायचा, जीभ बाहेर काढून. मला तर वाटतं तो फरशीच्या धंद्यात त्यामुळेच पडला. तेव्हा त्याला सारखं म्हणजे काय ते कळत नाही असं नाही. सुरी दुसऱ्याच्या हातात द्यायचं त्याच्या जिवावर येतं, एवढंच. स्वभावाला औषध नाही. पण लगेच पेटी भरायला घेऊ नकोस. त्याला तोंडावर विचार.

आणि हो, शप्पथ घेतली.

आत्या

•

२ मार्च

आत्या,

तोंडावर विचारायची गरजच उरली नाही. त्यांनी चारचौघांत उत्तर देऊन टाकलं.

आधी तुझ्या शब्दाबद्दल. वाचून मी एकटीच हसले. अगं, सपाट हे तर आमचं रोजचं काम! आणि सपाट आहे की नाही ते आम्ही पाण्यालाच विचारतो. लांबलचक पारदर्शक नळी, तिच्यात नीळ घातलेलं पाणी. एक टोक मी धरते, दुसरं बाबा. दोन टोकं दोन खोल्यांत असली तरी दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं, तिथे भिंतीवर खूण करायची. लेझरचं यंत्र आहे आमच्याकडे, पण लेझर कोपऱ्यावरून वळत नाही. पाणी वळतं.

फक्त एक आहे. नळी घेऊन फिरताना पाणी सांडू नये म्हणून दोघांनी आपापल्या टोकावर अंगठा दाबून धरायचा असतो. जागेवर पोचलं की अंगठा उचलायचा आणि ओरडून सांगायचं, "सोडला!" समोरच्यानेही ओरडायचं, "सोडला!" दोन्हीकडून आवाज आला की मगच खूण. एकाने जरी अंगठा दाबून ठेवला तरी पाणी अडकून बसतं आणि खुणा खोट्या पडतात. मी लहान असताना हा मला खेळच वाटायचा. घरभर "सोडला, सोडला" ओरडत फिरायचे.

तर झालं असं. वृद्धाश्रमाच्या जेवणघराचं काम आम्ही घेतलं होतं. काटकोनात वळलेला हॉल आहे, एका टोकावरून दुसरं दिसत नाही. बाबा पलीकडे, मी अलीकडे. त्यांचा आवाज आला, "सोडला!" मी म्हटलं, "सोडला!" खुणा केल्या, त्या धरून फरशी बसवली. आरशासारखी दिसत होती. परवा मॅनेजरबाई बघायला आल्या, कौतुक चालू होतं, आणि तेवढ्यात कपबश्यांची चाकाची गाडी आपणहून चालायला लागली. कुणी हात लावला नव्हता. सगळ्यांसमोरून सावकाश, पाहुण्यासारखी गेली आणि कोपऱ्यावरच्या भिंतीवर आदळली. एक आजोबा टाळ्या वाजवून म्हणाले, "ही माझ्यापेक्षा बरी चालते!"

हॉलला उतार होता, आत्या. डोळ्यांना न दिसणारा, पण चाकांना कळणारा.

मॅनेजरबाईंनी बाबांकडे पाहिलं. आणि बाबा म्हणाले, "पोरगी शिकतेय अजून. खूण चुकली असेल तिची."

शिकतेय! माझी खूण चुकलेली नाही. मी पाणी थांबेपर्यंत श्वास रोखून उभी होते. मी जाऊन ती गाडी भिंतीपासून ओढून घेतली. नंतर ते चहाचा वाफाळता ग्लास नुसत्या हाताने पकडून उभे होते, मी रुमालात धरला होता. तर म्हणतात, "हात नाजूक झालेत तुझे." वर हे आणखी!

जेवणघर उकरून पुन्हा करायचंय. ते झालं की मी जाणार. बिल्डरबाईला तसं तोंडी कळवलंय, लेखी मार्चअखेर. आता तू समजूत घालू नकोस.

भिंगरी

•

५ मार्च

ताई,

पत्र लिहायची सवय नाही, माफ कर. अक्षर वाईट आलंय तेही चालवून घे.

माझा उजवा हात बिघडलाय. मागच्या पावसाळ्यापासून बोटं झोपल्यासारखी होतात. आधी करंगळी, आता अंगठ्यापर्यंत आलंय. वस्तू धरता येते, ताकद आहे, पण काय धरलंय ते कळत नाही. फरशीचा जोड बोटाला लागत नाही, डोळ्यांनी बघावा लागतो. डॉक्टरकडे गेलो नाही. काय सांगतील ते ठाऊक आहे.

पोरीला यातलं काही माहीत नाही आणि तू सांगायचं नाहीस. तुला आईची आण आहे.

मी तिला इक्वल पार्टनर करायचं ठरवलं. पेंटरला सांगितलं. त्याच आठवड्यात अंगठा गेला. आता मला सांग, इक्वल म्हणजे दोघांनी सारखं काम करायचं ना? तिने अर्धं, मी अर्धं. पुढच्या वर्षी मला अर्धंही जमलं नाही तर? पाटीवर नाव माझं आणि राबणार ती. म्हातारा बाप गळ्यात बांधून घेऊन पोरीने आयुष्य काढायचं का? पाटी लिहिली की ती बांधली गेली. म्हणून थांबवून ठेवलीय. तिला बाहेरून बोलावणं आलंय हेही मला कळलंय. जात असेल तर अडवणार नाही.

परवा हॉलमध्ये तिची खूण चुकली. लोकांसमोर बोललो ते चुकलंच माझं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. घरात करमत नाही.

तुझ्या पुस्तकात या शब्दाबद्दल काय लिहिलंयस ते कळव. उगीच विचारतोय.

तुझा भाऊ

•

१० मार्च

अरे ठोंब्या,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, आता चहा करून बसलेय. पत्र उघडून अक्षर पाहिलं तेव्हा वाटलं रागारागात लिहिलंयस. हात बधिर असताना दोन पानं लिहिलीस! त्यातलं एक पान तरी पोरीला लिहायचं होतंस.

तू आईची आण घातलीस, मी तोंड उघडणार नाही. पण तुम्ही दोघांनी माझं काय करून ठेवलंय याची तुला कल्पना नाही. इकडून एक आण, तिकडून एक शप्पथ. माझं पोट काय कुलूप लावायची पेटी आहे?

हात आधी डॉक्टरला दाखव. त्यांनी काय सांगायचं ते तू ठरवू नकोस. अंगठ्याला कळत नाही म्हणजे अंगठा गेला असं नसतं.

आता शब्द. 'इक्वल'चा अर्थ मुळात अर्धं-अर्धं असा नाहीच. त्याचा अर्थ सपाट, समपातळीत. तुमच्या नळीतल्या पाण्यासारखा. मला सांग, नळीचं एक टोक रुंद काचेचं असलं आणि दुसरं बारीक रबराचं, तर बारीक टोकातलं पाणी खाली राहतं का? एका टोकात ओंजळभर पाणी असेल, दुसऱ्यात चमचाभर. उंची तीच. हे मी तुला शिकवावं म्हणजे कमालच झाली, तूच मला लहानपणी अंगणात दाखवलं होतंस. तू खाऊ कापल्यासारखं काम कापायला बसलायस. मरेपर्यंत पट्टी घेऊनच फिरणार आहेस का?

पोर बांधली जाईल, म्हणालास. तिला विचारलंस? नाही. तिच्या वतीने तूच कापलंस आणि तूच निवडलंस. आई असती तर पाठीत धपाटा घातला असता.

आणखी एक. मी काही तुमच्या धंद्यातली नाही, चुकत असेन तर सोडून दे. अंगठा उचललाय हे तुला कशावरून कळतं? डोळ्यांवरून, की अंगठ्यावरून?

ताई

•

१० मार्च

प्रिय भिंगरी,

समजूत घालत नाहीये. जायचं तर जा, तिथली खोली लावून द्यायला मी येईन.

फक्त एक मागते, आणि का ते विचारू नकोस. जेवणघर उकरण्याआधी त्याच हॉलमध्ये, त्याच खुणांवर, तुम्ही दोघांनीच पुन्हा एकदा नळी लावा. लेझर नको, दुसरं माणूस नको. चूक कुठे झाली ते न बघता फरशी उकरणं मला पटत नाही. मी प्रूफं तपासण्यात आयुष्य घालवलं. चूक सापडल्याशिवाय पान फाडायचं नसतं.

तुझ्या बापाबद्दल मागच्या पत्रात मी सुरीचं काहीबाही लिहिलं होतं. ते मागे घेते. मला सगळं कळतं असं मला फार वाटतं, त्यातला प्रकार.

आत्या

•

१९ मार्च

आत्या,

तुला माहीत होतं. आता भांडत नाही, पण तुला माहीत होतं.

रविवारी गेलो. सगळी आजीआजोबा मंडळी बाहेर बागेत होती, हॉल रिकामा. बाबा पलीकडे गेले, मी जुन्या खुणेपाशी उभी राहिले. मनात म्हटलं, आज सिद्धच करून दाखवते. त्यांचा आवाज आला, "सोडला!" मी म्हटलं, "सोडला!" पाणी बघितलं, पुन्हा त्याच जागी, माझ्या खुणेवर. मला इतका आनंद झाला की मी जोरात ओरडले, "बाबा, बघा! खूण बरोबर आहे माझी!"

पलीकडून काहीच नाही. पुन्हा हाक मारली. काहीच नाही. मी घाबरले. माझं टोक खिळ्याला अडकवलं आणि धावत कोपऱ्यावरून वळले.

बाबा भिंतीशी उभे होते. नळी हातात. आणि खाली मान घालून आपल्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा नळीच्या तोंडावर होता, घट्ट.

"सोडला म्हणालो ना मी?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं गं, लहान मुलासारखं.

"हो."

"मला वाटलं सोडला. मला दर वेळी वाटतं, सोडला." मग म्हणाले, "हा बघ."

मी जवळ गेले आणि त्यांचा अंगठा माझ्या हाताने उचलला. थंडगार होता. नळीतलं निळं पाणी हललं, खाली गेलं, पुन्हा वर आलं, आणि बाबांच्या जुन्या खुणेच्या बोटभर खाली येऊन थांबलं. आम्ही दोघं ते थांबेपर्यंत बघत होतो.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बोटांचं, जोडांचं, पाटीचं. मी जिला पाळत समजत होते ती पाळत नव्हतीच. त्यांना बोटाने कळत नव्हतं म्हणून ते डोळ्यांनी बघत होते. आणि तो गरम ग्लास! मी तिथेच बसून रडले. तेही बसले. "लोकांसमोर तुझ्या डोक्यावर खापर फोडलं मी," म्हणाले, "आणि मडकं माझ्याच हातात होतं." उठून तसेच मॅनेजरबाईंकडे गेले आणि सांगितलं, "चूक माझी. पोरीची खूण बरोबर होती."

इथे गोष्ट संपली असती तर बरं. पण आपलं घराणं तुला माहीत आहे. घरी येऊन बाबांनी दाराआडची पाटी काढली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या एकटीचं नाव लिहून घे. मी आता नळी धरायच्या लायकीचा नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "म्हणजे इतके दिवस सगळं तुमचं, आता सगळं माझं? मधली जागा आपल्या घरात कुणी बघितलीच नाही का? एकटीच्याच नावाने काम करायचं असतं तर मी बिल्डरबाईकडे गेले असते. मला नळीच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही हवे आहात. तुम्हालाच माहितीय पाणी कुठे अडकतं, भिंत कुठे खोटं बोलते. अंगठा काय, अंगठ्याचं बघू."

"कसं बघणार?" म्हणाले.

मी उठले आणि खोलीत जाऊन बसले. बिल्डरबाईचं पत्र समोर आहे. मी तिला 'नाही' असं लिहिणार आहे, हे मात्र आत्ता तुला लिहिता लिहिता ठरलं.

भिंगरी

•

२६ मार्च

प्रिय भिंगरी,

हो, माहीत होतं. आणि न सांगता बसणं हे माझ्या वयात मला पहिल्यांदाच जमलं, तेव्हा कौतुक कर.

बिल्डरबाईला 'नाही' लिहायचं ठरवलंस त्याबद्दल मी 'छान केलंस' म्हणणार नाही. चांगली संधी होती, वाईट वाटलं तर वाटू दे. पण तुला काय हवं ते तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, आणि ते तू धरलंस.

कोशातल्या 'इक्वल'साठी चित्रकाराने मधोमध कापलेला केक काढून पाठवला होता. मी परत पाठवला. त्याला म्हटलं, मधे भिंतीचा कोपरा काढ. अलीकडे एक मुलगी, पलीकडे एक माणूस, दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीयेत. दोघांच्या हातांत एकच नळी, आणि दोन्हीकडे पाणी एका रेघेत. तो म्हणाला, "मुलांना कळेल का?" म्हटलं, "मुलांना कळेल. आमच्या घरात कळायला वेळ लागला."

संपादकांनी तीन ओळी मंजूर केल्या आहेत. तुमच्या दोघांमुळे एक ओळ वाढली.

अंगठ्याचं काय झालं ते कळव. मी इथे जीव टांगणीला लावून बसलेय.

आत्या

•

३ मे

ताई,

डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आहे. तू हसणार. हस.

डॉक्टरला दाखवलं. मानेतली शीर दबलीय. व्यायाम दिलाय, रबरी चेंडू दाबत बसतो. पूर्ण येईल असं म्हणाले नाहीत, थोडं येईल म्हणाले. परवा चहाचा ग्लास जरासा चटकला. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

नळीचं भिंगरीने केलं. एक दिवस बाजारातून बाटलीची दोन बुचं घेऊन आली. बुचाला दोरी बांधली आणि माझ्या गळ्यात घातली. आता टोकावर अंगठा धरायचाच नाही, बूच लावायचं. जागेवर पोचलो की बूच काढायचं, ते छातीवर लोंबतं. निघालं की नाही ते डोळ्यांना दिसतं. दुसरं बूच तिने स्वतःच्या गळ्यात घातलं. म्हटलं, "तुझा अंगठा तर चांगला आहे." म्हणाली, "मग? तुम्ही बूच घालून फिरणार आणि मी मिरवू?" साइटवरची माणसं आम्हाला बुचवाले म्हणतात. म्हणोत.

जेवणघर पुन्हा केलं. मागे टाळ्या वाजवणाऱ्या त्या आजोबांनी स्वतः चाकाची गाडी हॉलच्या मधोमध नेऊन सोडली आणि काठी टेकून बघत उभे राहिले. गाडी हलली नाही. ते जरा हिरमुसले. मॅनेजरबाईंनी मात्र वरच्या मजल्याचंही काम सांगितलंय.

माझं काम बदललंय. बारीक जोड ती बघते, मी मापं काढतो, गिऱ्हाइकाशी आम्ही दोघं बोलतो. ती माझ्यापेक्षा जास्त बोलते, तुझ्यावर गेलीय. कोण किती करतं ते मी आधी मोजायचो. आता विसरतो.

पाटी लागली. पेंटरने विचारलं, कुणाचं नाव वर? दोघंही एकदम बोललो, तो वैतागला. शेवटी एकाच ओळीत लिहिलं. वर टांगल्यावर भिंगरीला ओळ तिरकी वाटली. मला सरळच वाटत होती. मग काय, भर रस्त्यात नळी लावली. पाटीच्या अलीकडच्या टोकाला ती, पलीकडच्या टोकाला मी, मधे पाटी. येणारेजाणारे थांबून बघायला लागले.

एकमेकांना दिसत होतो, हाकेची गरज नव्हती. बूच छातीवर लोंबत होतं तेही तिला दिसत होतं. तरी मी सवयीने ओरडलो, "सोडला!"

ती माझ्याकडे बघून हसली. मग तिनेही लहानपणी ओरडायची तसंच ओरडून सांगितलं, "सोडला!"

ओळ जरा तिरकीच होती गं, तिचंच बरोबर निघालं. माझं टोक एका पाचरीने वर उचललं तिने, आणि आता सरळ आहे.

तू ये आणि बघ.

तुझा भाऊ